तंजावरचं मोठं देऊळ: भिंती वाचायला वेळ काढून जा

अनुराधा_कऱ्हाड

डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेत जायचे बेत आता घरोघरी सुरू झालेत आणि दरवर्षी तेच ऐकू येतं, मदुराई-रामेश्वर-कन्याकुमारी, आणि वाटेत तंजावर तासभर. बसमधून उतरा, नंदीसमोर फोटो काढा, गाईड ती सावली जमिनीवर न पडण्याची गोष्ट सांगणार, मान वर करून कळस बघा की परत बसमध्ये. एवढं जगातलं एक नंबरचं देऊळ आणि त्याची अशी बोळवण, मला खरंच वाईट वाटतं. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. राजराज चोळ पहिला, राज्यकाळ ९८५ ते १०१४, त्याने हे बृहदीश्वराचं देऊळ बांधलं आणि १०१० मध्ये पुरं झालं. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, म्हणजे यानंतर पन्नास वर्षांनी. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, साधारण २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटमध्ये, तेरा मजल्यांचं. गंमत म्हणजे इथे गोपुरं, म्हणजे दारावरचे मनोरे, बुटकी आणि गाभाऱ्यावरचं विमान उंच आहे. मदुराई, श्रीरंगमला बरोब्बर उलटं, तिथे बाहेरची गोपुरं आभाळाला टेकलेली आणि आतलं मूळ देऊळ लहानसं. चोळांच्या डोक्यात उंची देवाच्या डोक्यावर हवी होती, दारावर नाही, असं मला तरी वाटतं.

पण उंचीबद्दल सगळेच बोलतात. मला सांगायचंय ते जोत्याबद्दल.

विमानाच्या जोत्याजवळ जा आणि दगडाला डोळे लावून बघा. ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं आहेत, कोपऱ्याला वळसा घालून पुढे चालू, खांबाच्या खोबणीतसुद्धा सोडलेलं नाही. ही स्तोत्रं नाहीत, हा हिशोब आहे. सुरुवातीच्या लेखात राजराजाचा हुकूम आहे, त्याच्या २६ व्या वर्षाच्या विसाव्या दिवशीचा, की आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतर कोणी दिलेलं ते सगळं या श्रीविमानावर दगडात कोरा. अक्का म्हणजे कुंदवै, त्याची थोरली बहीण, तिचा मान राण्यांच्या आधी. आणि मग खरोखर सगळं कोरलंय हो. सोनं तोलायचं वजन कोणतं (त्या वजनालासुद्धा नाचणाऱ्या शिवाचं नाव, आडवल्लान), दागिन्यात मोती किती, हिरे किती, कुठल्या खड्यात काय खोट आहे ते पण. कोणत्या गावाने किती भात द्यायचा, कोणत्या गावाने पहारेकरी पाठवायचे. त्यात श्रीलंकेतली गावंसुद्धा आहेत.

नंदादीपाचा हिशोब तर मला तोंडपाठ झालाय. एक दिवा कायम तेवत ठेवायला ९६ मेंढ्या एका धनगराच्या हवाली करायच्या आणि त्याने रोज एक उळक्कु (तेव्हाचं एक माप) तूप देवळात आणून द्यायचं. या मेंढ्यांना लेखात "न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या" मेंढ्या म्हटलंय, कारण कळप वाढत राहणार आणि ९६ चा आकडा कमी होता कामा नये. हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेवच म्हणा ना.

आता आपल्याशी संबंधित भाग. देवळाच्या आवारात नैऋत्य कोपऱ्यात जा, गणपतीच्या देवळाच्या बाजूला, तिथे ओवरीच्या भिंतीवर देवनागरीत मराठी आहे. एखाद-दुसरी ओळ नाही, अख्खा भोसले घराण्याचा इतिहास, भोसलेवंशचरित्र, १८०३ साली कोरलेला, बाबूराव चिटणीसांनी रचलेला, सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने. मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, मग महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ज्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि तिथून पुढे सरफोजींपर्यंत. जगातल्या मोठ्या शिलालेखांमध्ये याची गणना होते आणि बहुतेक मराठी लोक त्याच्यापासून शंभर पावलांवरून परत फिरतात!

जरा तारखा जुळवून बघा. १७९९ च्या तहात सरफोजींनी राज्यकारभार कंपनीला दिला, हातात राहिला तो किल्ला आणि तनखा. त्यानंतर चारच वर्षांत हा लेख. त्याच १८०३ मध्ये इकडे इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई झाली. राज्य गेलेल्या राजाने आपल्या घराण्याची कहाणी लिहायला जागा निवडली ती हीच, जिथे राजराजाने आपला हिशोब कोरला होता. हे त्यांनी जाणूनबुजून केलं का ते मला कसं कळणार, पण तिथे उभं राहिल्यावर दुसरा विचार डोक्यात येत नाही.

तर विनंती एवढीच की अर्धा दिवस काढा. सकाळी लवकर जा, दगड तापायच्या आत.

भटकंती_सातारा

सुंदर लिहिलंय ताई. आम्ही गेलो होतो तेव्हा गाईडने मराठी लेखाचं नावसुद्धा काढलं नाही, पाऊण तास सावली आणि कळसावरचा ८० टनाचा दगड यातच गेला. एक विचारायचं होतं, ती सावली जमिनीवर पडत नाही हे खरं का? आणि तो लेख वाचता येतो का आपल्याला की मोडीत आहे?

अनुराधा_कऱ्हाड

मोडी नाही, देवनागरी. वाचता येतो पण कादंबरीसारखा नाही, शब्द सलग जोडलेले, भाषा चिटणिशी वळणाची, काही जागी अक्षरं झिजलेली. पहिल्या दहा मिनिटांत काही कळत नाही मग एकदम एखादं ओळखीचं नाव दिसतं आणि तिथून वाट सापडते. उजेड तिरका असताना जास्त चांगलं दिसतं, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी. त्याला हात लावू नका आणि खडू-पावडर चोळून अक्षरं उठवायचा प्रयत्न तर अजिबात नको.

सावलीचं स्थपतीदादा सांगतील, मला माहितीय ते वाचतायत.

स्थपती

वाचतोय वाचतोय.

सावली पडते. अगदी स्वच्छ पडते. सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला लांबलचक पडते, कोणीही उभं राहून बघावं. प्रश्न राहिला दुपारी बाराचा. तंजावर साधारण पावणेअकरा अक्षांशावर आहे, त्यामुळे एप्रिलच्या मध्यात आणि ऑगस्टच्या शेवटाकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि त्या सुमारास विमानाची सावली त्याच्याच खालच्या मजल्यांवर पडते. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. जोत्याची बाजू साधारण ३० मीटर, उंची साठ मीटरच्या वर, म्हणजे भर दुपारीसुद्धा टोकाची सावली उत्तरेला जमिनीवर येणारच, चंडिकेश्वराच्या छोट्या देवळाच्या बाजूला. तुम्ही डिसेंबरात जाताय ना मग स्वतःच बघा.

८० टनाचा अखंड दगड पण तसाच. वरचा घुमट अनेक तुकडे जोडून केलेला आहे, अभ्यासकांनी सांधे बघून तसं नोंदवलंय. सारपळ्ळम नावाच्या गावापासून उताराचा भराव घालून दगड वर नेला अशी गोष्ट तिथे सांगतात, भराव घातला असेल, त्याशिवाय एवढं वर काम करणं अवघडच, पण एकच दगड नव्हे.

आणि मला खरं कौतुक वाटतं ते आतल्या रचनेचं. गाभाऱ्याला दोन भिंती आहेत, एकात एक, मध्ये प्रदक्षिणेचा बोळ. वर जाताना दोन्ही भिंतींचे दगड थोडे थोडे पुढे काढत आणत एकमेकींना मिळवल्यात आणि त्या जोडलेल्या जाड पायावर वरचं पोकळ विमान उभं आहे. म्हणजे बाहेरून भरीव डोंगर दिसतो तो आतून पोकळ. वजन कमी, पाया रुंद. ज्या मुलुखात जमीन कावेरीच्या गाळाची आणि ग्रॅनाइट दुरून आणायचा तिथे हजार वर्षांत हे जागचं हललेलं नाही. हे सांगायचं सोडून गाईड लोक सावली का सांगतात देव जाणे. ज्याने बांधलं त्याचं नावपण शिलालेखात आहे, कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन. पेरुंदच्चन म्हणजे मुख्य स्थपती. राजाने त्याला आपलं नाव दिलं आणि दगडात जागा दिली.

मंजिरी_ठाणे

छान माहिती. आम्ही जानेवारीत सासूबाई-सासऱ्यांना घेऊन जातोय, दोघं सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. अर्धा दिवस जमेल का त्यांना? चालायला खूप आहे का? आणि जेवणाचं कसं, त्यांना बाहेरचं फार तिखट चालत नाही.

भटकंती_सातारा

जमेल की. आवार मोठं आहे पण सपाट आहे, जिना फक्त गाभाऱ्याकडे चढताना. बाकी फिरताना ओवरीच्या सावलीत बसायला भरपूर जागा, तिथली माणसंपण दुपारभर निवांत बसलेली असतात. चपला बाहेर ठेवायला लागतात आणि दहा-साडेदहानंतर फरशी चटके देते, जानेवारीतसुद्धा, तेव्हा त्यांना जाड मोजे घालायला सांगा. गाभारा दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतो ते चारला उघडतो, त्यामुळे सकाळी सहा-सातला दर्शन, दहापर्यंत परत, आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एक चक्कर असं दोन भागात करा. संध्याकाळी विमानाचा दगड मधासारखा पिवळा होतो ते दोघांना जरूर दाखवा.

जेवणाची चिंता नको, इडली, पोंगल, दहीभात कुठेही मिळतो. आणि कॉफी! कुंभकोणमची डिग्री कॉफी तिकडचीच.

मंजिरी_ठाणे

थँक्यू दादा, मोज्यांचं लक्षात ठेवते.

चेन्नईकर

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं तंजावरचंच, पणजोबा नोकरीसाठी मद्रासला आले. घरी आम्ही अजून मराठी बोलतो, तुम्हाला ती जुनी आणि तमिळ वळणाची वाटेल. मी शाळेत हिंदी घेतली म्हणून मला लिपी येते, माझ्या चुलत भावंडांना मराठी बोलता येतं पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणजे तो भिंतीवरचा लेख आमच्याच पूर्वजांच्या राजांचा आणि आम्हालाच कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. लहानपणी आजोबा आम्हाला त्या कोपऱ्यात नेऊन बसवायचे आणि बोट फिरवत थोडं थोडं वाचायचे, ते गेल्यावर मीच भावंडांना वाचून दाखवतो.

एक सांगू का, महाराष्ट्रातून येणारे काही जण तिथे मोठ्याने "हे आपलं देऊळ" म्हणतात ते ऐकून आम्हाला अवघडल्यासारखं होतं. देऊळ चोळांचं. भोसल्यांनी ते सांभाळलं आणि अजूनही सांभाळतात, राजवाडा देवस्थानाकडे ८८ देवळं आहेत आणि घराण्याचे वारस त्याचे परंपरेने विश्वस्त आहेत. तो मान मोठाच आहे. पण तमिळ माणसाला हे देऊळ म्हणजे जीव की प्राण, राजराजाचा सदय या जन्मनक्षत्राचा उत्सव ऐप्पसी महिन्यात (ऑक्टोबर-नोव्हेंबर) केवढा मोठा होतो बघा. पाहुण्यासारखं या, ते लोक तुम्हाला घरच्यासारखं वागवतील.

रांगडा_कोल्हापूरकर

चेन्नईकर साहेब मान्य, पण एक सांगा, पावणेदोनशे वर्षं मराठ्यांनी तिथे राज्य केलं, देवळाची डागडुजी केली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात तंजावर दोन ओळीत संपतं. तिथे जाऊन अभिमान वाटला तर त्यात वावगं काय? मी तर म्हणतो प्रत्येक मराठी माणसाने तो लेख बघून नमस्कार करून यावं.

चेन्नईकर

नमस्कार करा हो, अभिमानपण वाटू द्या, मलाही वाटतो. मी फक्त मालकीच्या भाषेबद्दल बोललो.

अनुराधा_कऱ्हाड

दोघांचंही पटतंय मला. आणि देवळाकडे बघितलं तर ते स्वतःच याचं उत्तर देतं. मोठं विमान चोळांचं, अम्मनचं म्हणजे देवीचं देऊळ पांड्य राजांच्या काळातलं तेराव्या शतकातलं, तो भलाथोरला नंदी आणि बाजूचं सुब्रह्मण्याचं कोरीव देऊळ नायकांचं (मराठ्यांच्या आधीचे तंजावरचे राजे), नैऋत्येचा गणपती सरफोजींनी नव्याने बांधून घेतलेला, नंदीच्या मंडपाच्या छताची रंगीत नक्षी मराठा काळातली, आणि आत शिरताना पहिला दरवाजा लागतो त्याला तिथे मराठा दरवाजाच म्हणतात. प्रत्येकाने आपापलं जोडलं आणि कोणी मागच्याचं पाडलं नाही. सुब्रह्मण्याच्या देवळाची जाळीदार कोरीव कामं बघा, चोळांच्या साध्या भक्कम दगडानंतर एकदम नाजूक वाटतं, सहाशे वर्षांचं अंतर वीस पावलांत.

म्हणून मराठी लेख बघाच पण तमिळ जोतं आधी बघा. सरफोजी त्याच्या शेजारी का लिहायला बसले ते त्याशिवाय कळायचं नाही.

रांगडा दादा, पुस्तकातल्या दोन ओळींबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे सतराव्या शतकाच्या शेवटी तिथे मराठीत नाटकं लिहीत होते, विष्णुदास भाव्यांचा सांगलीचा प्रयोग १८४३ चा, म्हणजे दीडशे वर्षं नंतरचा. हे मुलांना शिकवायला नको का.

पदन्यास

मी भरतनाट्यम शिकते, पुण्यात. आमच्या गुरूंकडून या देवळाबद्दल इतकं ऐकलंय की शेवटी जाऊन आले. दोन गोष्टी सांगते.

पहिली, गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावरच्या बोळात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी (नाचातल्या ठरावीक हालचाली) ८१ करणं कोरलेली आहेत आणि ती करणारा स्वतः शिव आहे. पुढच्या जागा तशाच कोऱ्या सोडलेल्या, काम थांबलं ते थांबलंच. तिथे सर्वसाधारण लोकांना जाऊ देत नाहीत, खालच्या बोळातल्या चोळ चित्रांचंही तेच. ती चित्रं १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाच्या एस. के. गोविंदस्वामींना सापडली, वरून नायक काळात नवी चित्रं काढलेली होती त्याच्या खाली झाकलेली. नंतर पुरातत्त्व खात्याने वरचा नायक चित्रांचा थर अलगद सुटा करून काढला, त्यामुळे खालचंही मोकळं झालं आणि वरचंही टिकलं. आवारातच त्यांचं छोटं माहिती केंद्र आहे तिथे फोटो लावलेत, ते चुकवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची. प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर चारशे नर्तकींची नावं आहेत. नुसता आकडा नाही, एकेकीचं नाव, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून इथे आणली, कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला कितवं घर तिला दिलं. तिरुवारूरच्या कितीतरी जणी. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचं माप) भात. आणि एखादी वारली किंवा परगावी गेली तर तिच्या जवळच्या नातलगाने तो वाटा घ्यावा आणि काम करावं, तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस निवडून द्यावा. नावांच्या आधी "नक्कन" लागतं ते सारखं सारखं दिसतं म्हणून तमिळ न येणारीलाही ते एक चिन्हांचं टोळकं ओळखता येतं, मी एका तमिळ मैत्रिणीकडून ते शिकून घेतलं आणि मग भिंतीवर शोधत बसले. त्याच यादीत पुढे नट्टुवनार (नाच शिकवणारे), गाणारे, ढोल वाजवणारे, शिंपी, परीट, न्हावी, कुंभार, दिवे लावणारे, हिशोबनीस, सगळे. ज्यांनी नाच केला त्यांची नावं राजाच्या नावाच्या बरोबरीने हजार वर्षं दगडात आहेत, अजून काय हवं!

महाशिवरात्रीला तिथे नृत्याचा मोठा उत्सव असतो, जमलं तर तेव्हा जा.

भटकंती_सातारा

पदन्यास ताई हे कधीच ऐकलं नव्हतं. परत जावं लागणार आता.

इतिहासाचा_विद्यार्थी

थोडी भर. हे देऊळ कोणी बांधलं हे एकोणिसाव्या शतकात लोक विसरूनच गेले होते, करिकाल चोळाचं वगैरे सांगायचे. हुल्ट्श नावाच्या जर्मन अभ्यासकाने हेच जोत्यावरचे लेख वाचून छापले तेव्हा राजराजाचं नाव पक्कं झालं. म्हणजे अनुराधाताई म्हणतात ते अक्षरशः खरं, भिंती वाचल्या म्हणून बांधणारा सापडला.

आणि दुसरं, राजराज आणि राणी लोकमहादेवी यांच्या कांस्यमूर्ती देवळातून चोरीला गेल्या होत्या, त्या अहमदाबादच्या एका संग्रहालयातून २०१८ मध्ये परत आल्या. देवळात त्यांचं जे स्वागत झालं ते लग्नाच्या वरातीसारखं होतं असं वाचलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तेवीस वर्षांनी कुंभाभिषेक (देवळाच्या पुनःप्रतिष्ठेचा सोहळा) झाला. त्याआधीच्या १९९७ च्या वेळी यज्ञमंडपाला आग लागून ४८ माणसं गेली होती, तंजावरचे जुने लोक अजून तो विषय काढला की गप्प होतात. २०२० ला मंत्र संस्कृतात की तमिळमध्ये यावर वाद कोर्टात गेला आणि कोर्टाने दोन्हीला मान्यता दिली. मला तो निर्णय फार आवडला.

मंजिरी_ठाणे

परत मीच. कसं जायचं ते पण सांगा ना कोणीतरी. आणि जवळपास अजून काय बघावं, सासऱ्यांना देवळांची फार आवड आहे, ते म्हणतायत एका तंजावरसाठी एवढ्या लांब कशाला.

चेन्नईकर

त्यांना सांगा एका तंजावरसाठीसुद्धा यावं :) चेन्नईपर्यंत तुम्ही येणारच, तिथून रात्री उळवन एक्सप्रेस निघते ती सकाळी तंजावरला सोडते, वयस्कर माणसांना झोपून जायला बरं. विमानाने यायचं तर त्रिची जवळ, तिथून साधारण साठ किलोमीटर.

आणि कुंभकोणमला एक मुक्काम करा, चाळीस किलोमीटर आहे. तिथून दारासुरम अगदी लागून, ऐरावतेश्वराचं देऊळ, दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. ते लहान आहे पण कोरीव काम असं की सासरे हलायचे नाहीत, मंडपाला दगडी चाकं आणि घोडे लावून रथ केलाय, एका ठिकाणी हत्ती आणि बैल दोघांना मिळून एकच डोकं आहे, अंगठ्याने बैल झाकला की हत्ती दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांना तर हेच सोपं. वेळ असला तर गंगैकोंडचोळपुरम, राजराजाच्या मुलाचं, राजेंद्राचं. त्याने उत्तरेत स्वारी करून गंगेचं पाणी आणवलं म्हणून ते नाव. तिथलं विमान बापाच्यापेक्षा थोडं ठेंगणं आणि बाजू आत वळलेल्या. तंजावरचं सरळ रेषेत ताठ उभं आहे, हे कमनीय. तिन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत आहेत, तंजावर १९८७ पासून, बाकीची दोन २००४ पासून.

स्थपती

गंगैकोंडला गर्दी नसते, हिरवळ आहे, ज्येष्ठांना बसायला मस्त. माझ्या मते तीनपैकी एक वगळायचं झालंच तर कोणतंच वगळू नका, मुक्काम वाढवा.

रांगडा_कोल्हापूरकर

सरस्वती महालाबद्दल पण कोणीतरी लिहा की. तिथे मोडी कागद आहेत म्हणतात.

अनुराधा_कऱ्हाड

आहेत, ढिगाने. देवळापासून रिक्षाने काही मिनिटांवर राजवाडा, त्याच आवारात ग्रंथालय. नायक राजांपासूनचा संग्रह पण वाढवला सरफोजींनी, ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, आणि राज्यकारभाराचे मोडी कागद. रामदासी मठांमधली हस्तलिखितंही तिथे आहेत, समर्थांचे शिष्य तिथवर जाऊन मठ करून राहिले होते. आपल्यासारख्यांना मूळ कागद हाताळायला मिळत नाहीत, अभ्यासकांसाठी वेगळी सोय आहे, पण बाहेर छोटं प्रदर्शन आहे त्यात सरफोजींच्या आवडीनिवडी दिसतात. पाद्री श्वार्ट्झकडे शिकलेला राजा, वैद्यक, चित्रं, वनस्पती सगळ्यात रस. बाजूच्याच कलादालनात चोळ काळातल्या कांस्यमूर्ती आहेत, त्या बघायला निदान एक तास ठेवा, घाईत बघायच्या वस्तूच नाहीत त्या.

रांगडा दादा, तुम्हाला मोडी येत असेल तर तिथल्या लोकांशी बोलून बघा. ते कागद वाचणारी माणसं कमी आहेत आणि कागद प्रचंड. कोल्हापूर-सातारा-पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, शिकलेल्या मुलांनी तिकडे जाऊन काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रांगडा_कोल्हापूरकर

माझ्या पुतणीने मोडीचा वर्ग केलाय, तिला हा धागा पाठवतो आत्ताच.

पदन्यास

मंजिरीताई, प्रदोष कधी येतोय ते बघून जा. त्या दिवशी संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो, दूध, दही, हळद, चंदन एकेक करून ओततात आणि तो काळा नंदी पांढरा, मग पिवळा होत जातो. प्रचंड गर्दी होते मात्र, सासूबाईंना सोबत घेऊन पुढे घुसू नका, डाव्या बाजूच्या ओवरीच्या पायरीवरून उभं राहून दिसतं.

मंजिरी_ठाणे

खूप खूप आभार सगळ्यांचे. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते आता तंजावरलाच तीन दिवस राहू म्हणतायत, मदुराई पुढच्या खेपेला. एक शेवटचं, फोटो काढू देतात का? सासऱ्यांना त्या मराठी लेखाचे काढायचेत, घरी येऊन भिंग लावून वाचणार आहेत म्हणे.

अनुराधा_कऱ्हाड

बाहेरच्या आवारात काढू देतात, ओवरीतसुद्धा, फक्त गाभाऱ्यात आणि आतल्या मंडपात नाही. ट्रायपॉड लावला तर पहारेकरी हटकतात. लेखाचे फोटो काढताना एका टोकापासून क्रमाने काढा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक-दोन ओळ येऊ द्या, नाहीतर घरी आल्यावर कुठलं कुठे जोडायचं ते कळत नाही.